सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ट्रॅकची पत्रकं वाटताना

पहाटे साडेपाचला धुळ्याहून निघालो. डिकीत आपल्या गाड्यांच्या रेस ट्रॅकची हजार पत्रकं, एक बॅनर, सोबत पुतण्या. दत्तजयंतीपासून सारंगखेड्याची यात्रा भरते, लांबलांबून घोडे येतात, अन् मला वाटलं वेगाची आवड असलेली इतकी माणसं एका जागी अजून कुठे भेटणार!

रेस ट्रॅक म्हटलं की लोकांना ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आठवतं, २०११ साली एफ-वन ही गाड्यांची जागतिक शर्यत झाली ते, ५.१२५ किमीचं डांबरी. आपला ट्रॅक मातीचा, स्वतःच्या शेतातला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चाक गिळते, म्हणून वर मुरूम टाकला, रोलर फिरवला, वळणांवर जुने टायर रचले. एवढं करून मागच्या रेसला पाण्याचा टँकर उशिरा आला, सकाळी घाईघाईत पाणी मारलं अन् दुसऱ्या हीटलाच, म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्या टप्प्यालाच, असा धुरळा उठला की बायाबापड्या लेकरांच्या तोंडाला पदर लावून निघून गेल्या. ते अजून मनातून जात नाही, तिकीट काढून आलेली माणसं होती ती.

दोंडाईचा सोडलं, तापीवरचा पूल ओलांडला की यात्राच. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, भोवरे बघतं, मग चाल बघतं. मी पत्रक दिलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कितलं तिकीट शे?" पोरं गाड्यांचे फोटो बघून पत्रक घडी करून खिशात ठेवत होती, फेकत नव्हती, फार बरं वाटलं.

एका शहाद्याकडच्या बाबांनी मात्र तिकीट विचारलंच नाही. मोबाईलवर ट्रॅकचा व्हिडिओ दोनदा बघितला, मग खाली बसले, दावणीजवळची माती बोटांनी उकरून दाखवली, वर ओली अन् बोटभर खाली कोरडी ठाक. म्हणाले, "पानी रातले मारा भाऊ, सकायले नही." रात्रभर पाणी खाली मुरतं, सकाळी मारलेलं नुसतं वर राहतं, वर निसरडं अन् चार फेऱ्यांत पुन्हा धूळ. पन्नास वर्षं घोडे पळवलेला माणूस, त्याला जमीन कळते. त्यांना कुंपणाजवळची पहिली खुर्ची देणार म्हणून सांगून ठेवलंय.

दुपारी शेवभाजी-भाकर खाल्ली. परतताना पुलाच्या अलीकडेच गाडी बाजूला घेतली अन् टँकरवाल्याला फोन लावला, रविवार सकाळ नको, शनिवारी दिवेलागणीला ये, दोन खेपा.