आधी सतरंजी, मग गालिचा

नवऱ्याने टाकलेल्या किंवा मारहाणीच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला विणकाम शिकवायचं ठरलं की काही संस्था गाठींच्या गालिच्यापासूनच सुरुवात करतात. तो महाग विकला जातो हे खरं, पण आधी हिशेब मांडा. ३ बाय ५ फुटांचा गालिचा, चौरस इंचाला ६० गाठी, म्हणजे एकूण १,२९,६०० गाठी. नवख्या हातून दिवसाला २,००० झाल्या तरी पुष्कळ. दोन महिने उलटून जातात. जिला या महिन्याचं भाडं भरायचंय ती इथे गोव्यात काजूच्या कारखान्यात परत जाते, आणि तिचं काहीच चुकत नाही.

म्हणून पंजा सतरंजी आधी. सूत, माग आणि पंजा, म्हणजे सूत ठोकून बसवायचा लोखंडी दात्यांचा फणा, एवढंच लागतं. पट्ट्यांची २ बाय ३ फुटांची सतरंजी शिकाऊ हातानेही आठवड्याभरात उतरते. एका ताण्यावर, म्हणजे मागावर एकदा ताणलेल्या उभ्या सुतावर, निदान चार काढा. दर ताण्याला मागात वाया जाणारं सूत तेवढंच कमी.

पहिला हमखास दोष म्हणजे कंबर पडणे. बाणा, म्हणजे आडवं सूत, सरळ ओढून घेतला की दोन्ही कडा आत येतात. बाणा कमानीसारखा सैल टाकून, थोडा थोडा ठोकत पंजाने बसवायचा. दर चार इंचांवर रुंदी मोजा. अर्धा इंच कमी भरली तर तिथेच उसवा, पुढे विणून ती भरून निघत नाही.

गोव्यात कुणबी लुगड्याच्या लाल-पांढऱ्या चौकटी सतरंजीवर हव्याशा वाटतात. पण लुगड्यातली चौकट ताण्याच्या रंगावरही उभी असते. सतरंजीत ताणा बाण्याखाली पूर्ण झाकला जातो. त्यामुळे प्रत्येक चौकटीला वेगळा बाणा घ्यावा लागतो. दोन रंग भेटतात तिथे ते दर फेरीला एकमेकांत अडकवा, नाहीतर उभी फट राहते आणि चार धुण्यांत वाढते. हे शिकवणं पट्ट्या साफ जमल्यावरच.

पावसाळा इथला खरा शत्रू. लोखंडी पंजा गंजला की पांढऱ्या सुतावरचे डाग सहज निघत नाहीत. रोज पुसून तेलाचा हात फिरवा, सकाळी आधी टाकाऊ सुतावर ठोकून बघा. सूत रंगवून वाळवण्याचं काम मेअखेरीस संपवा. एका सतरंजीचं सगळं सूत एकाच वेळी एकत्र रंगवलेलं हवं, नाहीतर छटा तुटते.

मजुरी चौरस फुटावर, तिच्यासमोर मोजून, दर आठवड्याला. माल विकला जावो न जावो. सुताखेरीज तीन महिन्यांची मजुरी हाताशी नसेल तर काम सुरूच करू नका. खातं तिच्या नावाचं असून भागत नाही, खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही तिचाच हवा; नाहीतर पैसे आल्याचा मेसेज नवऱ्याला आधी जातो. आणि सतरंजीच्या लेबलवर तिचा फोटो, गाव, कहाणी काहीही छापायचं नाही. छापायचाच तर पत्ता विक्रीच्या दुकानाचा.