मूळ गाव कुठलं?

रात्रीचे साडेअकरा. पाऊस थांबलाय, पण खिडकीखालच्या पत्र्यावर अजून टपटप चालू आहे. मावशी झोपली. मला झोप नाही, आणि कारण इतकं बारीक आहे की उद्या फोनवर कुणाला सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नाही.

सकाळी इथे क्वालालंपूरला, मलेशियात, गाडीत बसल्या बसल्या मी गाडीवाल्याला विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं?

"ईपोह," तो म्हणाला. म्हणजे इथलंच, मलेशियातलं शहर.

"नाही, म्हणजे मूळ. इंडियातलं."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. हा प्रश्न आयुष्यात कितव्यांदा आला ते मोजायचंही ज्याने सोडून दिलंय, तसा. "ईपोह, मॅडम. माझे वडील ईपोहचे. आजोबा ईपोहचे." मग रेडिओवर तमिळ गाणं लागलं होतं ते त्याने जरासं मोठं केलं.

बस. एवढंच. बातू केव्ह्ज, म्हणजे मुरुगनचं गुहेतलं देऊळ, येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. उतरताना त्याने मावशीला हाताला धरून उतरवलं, पायऱ्या खूप आहेत आंटी, सावकाश चढा म्हणाला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. वाईट एक शब्द बोलला नाही तो. मग दिवसभर हे माझ्या घशाशी का अडकून बसलंय?

सकाळी मला खरंच वाईट वाटलं होतं, ते आधी लिहून टाकते. वाटलं, मी काय चुकीचं विचारलं? आपलेपणाने विचारलं ना? परक्या देशात आपल्यासारखा चेहरा दिसला, रेडिओवर ओळखीचा ताल ऐकू आला, समोर छोटासा गणपती डुलत होता, बोलावंसं वाटलं. आणि बोलायला दुसरं आहे कोण? ही सहल कशी ठरली आणि कुणाच्या तिकिटावर मावशी आली ते मला माहीत आहे. ते जाऊ दे. पण चार दिवसांत कुणाशी दोन शब्द बोलायला जावं आणि त्याने रेडिओ मोठा करावा, हे लागलं मला.

विमानतळावर उतरल्यापासून माझं एकच चाललंय. मलय भाषेतली पाटी दिसली की वाचायची आणि मावशीला कोपराने ढोसायचं. हायवेवर ‘उतारा’ लिहिलंय, म्हणजे उत्तर दिशा. बांधकामाच्या पत्र्यावर लाल अक्षरांत ‘बहाया’, म्हणजे धोका, आपलं भय. दुकानात ‘हार्गा’, म्हणजे किंमत, संस्कृत अर्घ. भाषेला बहासा, नावाला नामा, डोक्याला कपाला, नवऱ्याला सुआमी आणि बायकोला इस्तेरी. बघ मावशी, सगळं आपलंच! मावशी पहिल्या दिवशी कौतुकाने ऐकत होती. काल म्हणाली, "अगं, त्यांनाही काहीतरी असू दे की त्यांचं."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

बातू केव्ह्जला वेगळाच पेच उभा राहिला. तो म्हणजे मावशीचा. चुनखडीच्या उभ्या कड्यासमोर मुरुगनची सोनेरी मूर्ती, १४० फूट उंच, २००६ साली उभारलेली. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, हे मी अर्थातच मोठ्या उत्साहाने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. मावशी गाडीतून उतरली आणि एकदम खाली मान घालून उभी राहिली. बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं नसतं, घ्यायचं तर कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना. आजीने सांगितलेलं. आता १४० फुटांचा देव समोर उभा असताना न बघणार कसं? बिचारी पदराने डोळे झाकावेत तशी ओढणी धरून पायांकडे बघत चालत होती.

पायऱ्यांपाशी हार विकणारी एक म्हातारी बसली होती. कपाळभर विभूती, नाकात दोन्हीकडे चमक्या. तिला हे काहीतरी विचित्र दिसलं. तिने मावशीला खुणेने विचारलं, काय झालं? मावशीने मूर्तीकडे बोट केलं, कानाला हात लावले आणि मराठीतून स्पष्ट सांगितलं, "ब्रह्मचारी आहे हो तो."

म्हातारीला शब्द कळला की नुसता सूर कळला, कोण जाणे. ती खदखदून हसली. मोगऱ्याची माळ मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताची दोन बोटं वर केली. एक बोट दुमडून म्हणाली, वळ्ळी. दुसरं दुमडून म्हणाली, देवयानै. मग वर गुहेकडे हात केला.

मावशी माझ्याकडे वळली. डोळे एवढे मोठे. "अगं, याला दोन बायका आहेत!"

आणि मान वर करून तिने दर्शन घेतलं. चांगलं दोन मिनिटं, मनसोक्त. मोगऱ्याचा गजराही घेतला. त्या म्हातारीने तो स्वतः मावशीच्या अंबाड्यावर माळला, केसांचा आकडा दातांत धरून, अगदी आई माळायची तसा.

हे सगळं मी दोन हातांवरून बघत होते आणि सकाळचं पुन्हा आठवत होतं. मी म्हणाले होते, हा आपलाच देव. आपला कसला? आपल्याकडचा एकटा, आईवर रुसून निघून गेलेला. इथला दोन बायकांचा, मोरासकट भरल्या घरातला. नाव ओळखीचं निघालं की मी पुढचं ऐकायचंच सोडून देते. मावशीने खुणेने का होईना, सांगितलं आणि मग ऐकलं.

पायऱ्या २७२. २०१८ मध्ये इंद्रधनुष्यासारख्या रंगवल्या, तेव्हापासून फोटोंची गर्दी आणखी वाढली म्हणतात. मावशी खालीच बसते म्हणाली, पण शंभर चढली, मग म्हणाली आता काय राहिलंय, आणि दोनदा बसत वर आली. माकडांनी एका मुलाच्या हातातला केळ्याचा घड नेला. वर गुहेचं छत मध्ये उघडं आहे, तिथून उन्हाचा झोत थेट खाली पडतो, आणि बाजूला कड्यातून पाणी ठिबकतं. गार वाटतं. थैपूसमला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या पौर्णिमेला, इथे लाखो माणसं कावडी आणि दुधाच्या घागरी घेऊन चढतात. १८९२ पासून चालत आलंय. हे देऊळ ज्यांनी उभं केलं ते तंबुसामी पिळ्ळै सिंगापुरात जन्मलेले. हे वाचलं आणि मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीही कुणी त्यांना विचारलं असेल, तर मूळ गाव सिंगापूर सांगावं लागलं असेल, आणि मग विचारणारा म्हणाला असेल, नाही, म्हणजे मूळ.

इतकं मला का झोंबलं, ते मला सकाळीच कळलं होतं खरं तर. लिहायचं टाळत होते.

पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा खोलीच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कुठल्या तुम्ही? इंदूरच्या. नाही, मूळच्या कुठल्या? मूळच्या इंदूरच्याच. असं कसं, मराठी माणूस मूळचा इंदूरचा कसा असेल? होळकरांच्या वेळी गेलेलं घराणं, सात पिढ्या तिथे झाल्या, पण सांगताना माझी जीभ वळायची. मग मी शिकले. वाईकडचं एक गाव सांगायचे. ते मी कधी पाहिलेलंही नाही. बाबा एकदा मुद्दाम जाऊन आले होते तिथे. आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. ते आत्ता नको.

वाईकडचं गाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलायचा. हां, मग बरोबर! आणि मला दर वेळी, दर एका वेळी, इंदूरच्या राजवाड्यासमोरून चोरासारखं निघून आल्यासारखं वाटायचं. वीस वर्षं हे केलंय मी. त्या गाडीवाल्याला सहज एखाद्या जिल्ह्याचं नाव सांगून मला खूश करता आलं असतं. दहा सेकंदांचं काम. त्याने नाही केलं. ईपोह म्हणजे ईपोह.

हे मी स्वतः सोसलेलं, आणि तरी विचारलं. शब्दसुद्धा तेच. "नाही, म्हणजे मूळ."

दुपारी कोम्युटर ट्रेनने परत आलो. संगमावर मस्जिद जामेक आहे, क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या मिळतात तिथे. क्वालालंपूर म्हणजेच चिखलाचा संगम, या नावाचं शहर इथूनच सुरू झालं, कथिल शोधायला आलेल्या खाणवाल्यांपासून. मशीद १९०९ ची. लाल-पांढऱ्या विटांचे पट्टे, पांढरे घुमट, मध्ये ताडामाडांची झाडं. मी तोंड उघडलं होतं, अगदी आग्र्यासारखं म्हणायला. मिटलं. नुसतं बघत बसले. दोन नद्यांचं पाणी खरंच वेगळ्या रंगाचं दिसतं का ते शोधत होतो आम्ही दोघी. मावशीला दिसलं, मला नाही.

पुढे तून एच. एस. ली रस्त्यावर महामारिअम्मनचं देऊळ, १८७३ चं. थैपूसमचा चांदीचा रथ इथूनच बातू केव्ह्जला निघतो. थोडं पुढे, पलीकडच्या बाजूला ग्वान दी या चिनी देवाचं लालभडक मंदिर, आत छतापासून उदबत्तीची वेटोळी टांगलेली, जिलबीसारखी. दारात चपला कुठे काढायच्या आणि कुठे नाही, यात माझा गोंधळ झाला. एका चिनी आजोबांनी हाताने सांगितलं, घालूनच या. सगळं दोनशे पावलांत. बाकी पेतालिंग स्ट्रीटवर मावशीने पाच पर्सेसचा भाव करून एकही घेतली नाही.

मग आभाळ कोसळलं. इथला पाऊस चार-पाचच्या सुमाराला येतो आणि दम घेऊ देत नाही. पळत एका ममाकवाल्याकडे शिरलो. ममाक म्हणजे तमिळ मुसलमानांची चहा-रोटीची दुकानं. मामा या शब्दावरून आलेलं नाव. (हेही मी मावशीला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच.) रोटी करणारा पोऱ्या पिठाचा गोळा हवेत फिरवून पदरासारखा पातळ करत होता, घडी घालून तव्यावर टाकत होता, भाजली की दोन्ही तळव्यांमध्ये धरून टाळी वाजवावी तशी चुरडत होता, म्हणजे पापुद्रे सुटतात. सोबत डाळ. चहावाला एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून चहा ओढत होता, एक थेंब न सांडता.

रोटीवाल्याने विचारलं, कुठून आलात?

"इंदूर," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं. इंडिया नाही आलं.

"बॉम्बे?"

"नाही, इंदूर."

"बॉम्बेजवळ?"

मी नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच मावशी पलीकडून म्हणाली, "हो हो, बॉम्बे, बॉम्बे," आणि त्याला हाताने खूण केली, डाळ आणखी घाल. त्याने खूश होऊन दोन डाव वाढली.

मी हसायला लागले. खूप दिवसांनी असं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशीला कळेना काय झालं. तिचं गाव तिच्यापाशी पक्कं आहे, कुणी बॉम्बे म्हटलं काय किंवा इंडिया म्हटलं काय, तिचं काही जात नाही. माझं जातं. असेल. असू दे. चाळिशीनंतर हे बदलणार नाही, डाळ मात्र चांगली होती.

पण मघापासून एक गोष्ट सलतेय आणि ती ह्या सगळ्याच्या खालची आहे. त्या माणसाने दोनदा गावाचं नाव सांगितलं. दोनदा. ईपोह कसं आहे, हे मी त्याला विचारलंच नाही. पुण्यात त्या बाईंनी मला मूळ गाव विचारलं म्हणून मी इतकी वर्षं कुढले, पण खरं दुखलं होतं ते वेगळंच. सराफ्यातल्या रात्री, पोहे-जलेबीची सकाळ, आमच्या बोळातलं चिंचेचं झाड, सांगायला माझ्याकडे केवढं होतं. कुणी विचारलं असतं तर.

कोण जाणे, त्यानेही रेडिओ बारीक केला असता.

आत्ता नकाशा उघडून बसलेय. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनवरून ईपोहला थेट गाडी जाते, अडीच तासांच्या आत-बाहेर. उद्या पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांची तिकिटं आहेत, ४१ व्या मजल्यावरचा पूल बघायचाय मावशीला. परवाचं विमान रात्रीचं. जमतं का बघते.

गजरा मावशीने हॉटेलच्या ग्लासात पाणी घालून ठेवलाय, खोलीभर वास आहे. दिवा लावला म्हणून तिची झोप चाळवली.

"काय बघतेयस एवढं?"

"ईपोह. परवा जाऊ या का?"

"तिथे काय आहे?"

"चुनखडीचे डोंगर आहेत. कॉफी चांगली मिळते म्हणे."

"पायऱ्या नाहीत ना?" म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.