फेरान आद्रिया आणि रसाचा गोळा

स्पेनच्या कातालोनियातल्या रोसेस गावाजवळच्या ‘एल बुयी’ या रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर शेफ फेरान आद्रियाने 1984पासून सांभाळले. 1997 साली रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मिशेलिन गाइडचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च तारा मिळाला, 2011 साली रेस्टॉरंट बंद झाले. त्याने पदार्थांच्या केलेल्या फेसाचीच चर्चा जास्त होते. पण खरी कमाल 2003च्या गोळ्यांची, वरून पातळ पापुद्रा आणि आत रसच.

कृती साधी, वजन मात्र काटेकोर. 250 ग्रॅम गाळलेल्या रसात सव्वा ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारी, कॅल्शियम भेटताच गोठणारी पूड) ब्लेंडरने फिरवायचे आणि बुडबुडे जाईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचे. घाई केली की हवा अडकते आणि गोळे तरंगतात. मग 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवून त्यात थेंब सोडायचे, मिनिटभरात काढून साध्या पाण्यात धुवायचे. धुतले नाहीत तर कडवट लागतात. (चमच्याच्या मापावर इथे भिस्त नको, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटाच हवा.)

लिंबासारखा आंबट रस अल्जिनेटमुळे आधीच घट्ट होतो. आधी सोडियम सायट्रेट घालून आंबटपणा उतरवावा लागतो. शिवाय धुतल्यावरही कॅल्शियम आत झिरपत राहते आणि थोड्या वेळाने गोळा आतपर्यंत जेलीसारखा होतो. म्हणून लगेच वाढायचे.

दुधातले कॅल्शियम तर अल्जिनेटला थेट गोठवते. त्यावर उपाय म्हणजे उलटी पद्धत: कॅल्शियम पदार्थात, अल्जिनेट पाण्यात. ‘एल बुयी’चे प्रसिद्ध ऑलिव्ह, म्हणजे ऑलिव्हच्या रसाचे गोळे, असेच. बोअरचे जड पाणी मात्र टाळा, त्यातही कॅल्शियम असते, डिस्टिल्ड घ्या.