शार्त्रच्या काचेतला जावई

आज फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये मान अवघडेपर्यंत वर बघितलं. गर्दी सगळी गुलाबखिडकीखाली, म्हणजे रंगीत काचांच्या मोठ्या गोल खिडकीखाली. मी मात्र दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांच्या तळाशी अडकले. तिथे खिडक्यांचे देणगीदार काचेत रंगवलेत: पिएर मोक्लेर, बायको आलिक्स आणि दोन मुलं. मधोमध त्याचं मानचिन्ह, निळे-सोनेरी चौकोन आणि कोपऱ्यात अर्मिनचे, म्हणजे पांढऱ्या फरवरचे, काळे ठिपके.

हा पिएर फ्रान्सच्या राजघराण्याच्या धाकट्या पातीतला. 1213 मध्ये आलिक्सशी लग्न झालं आणि फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीची ड्यूकी, म्हणजे तिथल्या ड्यूकचं राज्य, पदरात पडली. राज्य बायकोचं, रुबाब याचा! 1221 मध्ये ती गेली, वारसा मुलाकडे आला. पण मुलगा लहान, म्हणून कारभार बापाच्याच हाती. तोही कसा, तर कधी सरदारांशी भांडण, कधी बिशपांशी, कधी थेट फ्रान्सच्या राजाशी. 1237 मध्ये मुलगा वयात आला, तेव्हा मुकाट्याने सगळं सोपवून हा नुसता ‘पिएर द ब्रेन’ (ब्रेन गावचा पिएर) झाला. एवढ्या भांडकुदळ माणसाने हे निमूट कसं केलं, याचं मला भारीच नवल वाटतंय.

पुढे क्रूसेडवर (ख्रिस्ती धर्मयुद्धावर) गेला, इजिप्तमधल्या मन्सुराच्या लढाईत तोंडावर वार झेलला आणि 1250 मध्ये परतताना समुद्रातच वारला. ब्रिटनीच्या झेंड्यावर आजही दिसतात ते अर्मिनचे ठिपके या जावयानेच तिथे नेलेले.