मेझर २२ ची रेघ सरळच हवी

‘मेझर २२’ ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाची जहाजं शत्रूच्या नजरेला चकवण्यासाठी रंगवायची एक ठरलेली पद्धत. तिच्यात बाजूंना दोनच रंग. सोपं वाटतं, म्हणून मॉडेल करणारे गाफील राहतात. डॅझलमधला, म्हणजे वेड्यावाकड्या पट्ट्यांच्या रंगकामातला, एखादा पट्टा थोडा सरकला तरी खपतो. इथली एकमेव रेघ चुकली की सगळं जहाजच चुकतं.

नियम असा: वॉटरलाइनपासून (पाणी जहाजाला टेकतं ती रेघ) मुख्य डेकची कड जिथे सर्वांत खाली येते त्या उंचीपर्यंत नेव्ही ब्लू. त्यावरच्या उभ्या बाजू हेझ ग्रे, म्हणजे फिकट करड्या. वरून दिसणारे आडवे भाग डेक ब्लू, यात टरेटचे (तोफांच्या फिरत्या बुरुजांचे) माथे आणि सागवानी डेकसुद्धा आले. दोन रंगांमधली रेघ पाण्याला समांतर जाते, डेकच्या कडेबरोबर वळत नाही. त्यामुळे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, डेक चढत जातो तिथे रेघेच्या वर हेझ ग्रेची लांबट पाचर उरते. ती दिसत नसेल तर रेघ चुकलीच. दुरून, पाण्याच्या पातळीवरून पाहणाऱ्याला ही रेघ म्हणजे क्षितिज वाटावी हा सगळा डाव. क्षितिज वाकडं कसं चालेल? वरून पाहणाऱ्या वैमानिकापुढे हा डाव लंगडा पडतो. पॅसिफिकमध्ये बरीच जहाजं अंगभर नेव्ही ब्लू, म्हणजे मेझर २१, होती ती त्यामुळेच.

‘मिसूरी’ या युद्धनौकेचं १/७०० मापाचं मॉडेल साधारण ३८६ मिमी लांब. आधी हेझ ग्रे मारून पूर्ण एक दिवस वाळू द्या. हल (जहाजाचा सांगाडा) काचेवर ठेवून वॉटरलाइन दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर आहे ना ते मोजा. लाकडी ठोकळ्याला पेन्सिल बांधा, टोक डेकच्या सर्वांत खालच्या कडेला लावा आणि ठोकळा काचेवरून हलभोवती फिरवा. रेघेच्या वरच्या अंगाला १ मिमी टेप, त्याच्यावर रुंद टेप. मग टेपच्या कडेवर पुन्हा हेझ ग्रेचा पातळ हात द्या. झिरपलाच तर तोच रंग झिरपेल. त्यानंतर नेव्ही ब्लू, एअरब्रशने साधारण १५ पीएसआय हवेच्या दाबावर, दोन-तीन पातळ हातांत. नांगर आधी चिकटवलात तर टेप तिथे बसत नाही, रंग हमखास आत जातो. नांगर शेवटी.

बाटलीतला नेव्ही ब्लू या आकाराला काळाच दिसतो, थोडा पांढरा मिसळा. आणि आधी जहाजाची तारीख ठरवा: निळ्या रंगद्रव्याची टंचाई झाल्यावर १९४५ मध्ये निळसर झाक नसलेले करडे रंग आले.