झाडाखालचे सांगणे

आमच्या निसर्गशाळेच्या वार्षिक मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका वाचून मेळाव्याची काहीच कल्पना येत नाही. स्वागत, प्रार्थना, अहवाल, जमाखर्च, चर्चच्या पाळकसाहेबांचे दोन शब्द आणि आभार एवढेच तिच्यात असते आणि हे सारे दरवर्षी ठरल्याप्रमाणे पार पडते. अहवाल मी वाचते. तो कोणी ऐकत नाही याबद्दल माझी तक्रार नाही, कारण दुसऱ्याचा असता तर मीही ऐकला नसता. पाळकसाहेबांचे दोन शब्द पाऊण तास चालतात आणि तेवढ्या वेळात लहान मुले दोनदा उठून झाडाच्या बुंध्याकडे काहीबाही पाहून येतात. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मुलांचे सांगणे’ असे दोन शब्द असतात. मी वर्षभर वाट पाहते ती त्या दोन शब्दांची.

शाळा म्हटले की इमारत डोळ्यांपुढे येते, म्हणून थोडा खुलासा करणे भाग आहे. घरीच शिकणारी, साधारण चार ते आठ वर्षांची मुले आठवड्यातून एक सकाळ आमच्याबरोबर मोकळ्या जागेत घालवतात. आरंभी एक गीत आणि छोटी प्रार्थना होते, त्या आठवड्याचे बायबलमधले वचन वाचले जाते आणि मग मुले दोरीच्या आतल्या जागेत मोकळी सुटतात. दोरीपलीकडे जायचे नाही, जिवंत काही तोडायचे नाही आणि शिट्टी वाजली की हातातले सोडून परत यायचे, एवढेच नियम. भिंग, निसर्गवही आणि रंगीत पेन्सिली एवढेच साहित्य. देवाने निर्माण केलेले जग आधी डोळे भरून पाहावे आणि त्याच्याविषयीचे शब्द मागाहून शिकावेत, ही आमची धारणा आहे.

हे आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतच सांगून ठेवले आहे की एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, हवा बरी असेल त्या प्रत्येक दिवशी, लहान मुलांनी दोन नव्हे तर चार, पाच, सहा तास घराबाहेर असावे. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि मूल जन्मतःच एक पूर्ण व्यक्ती असते, या विचारावर त्यांची सारी पद्धत उभी आहे. पाहिलेले किंवा ऐकलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे, हा त्या पद्धतीचा कणा. मात्र सहा वर्षांपर्यंत मुलाकडून असे सांगणे मागून घेऊ नये. त्याच्या मनात येईल तेव्हा, मनात येईल तेवढे त्याला सांगू द्यावे, असेही त्यांनी बजावले आहे. आमच्या मेळाव्यात नेमके हेच कलम पालकांच्या पचनी पडत नाही. त्याविषयी पुढे लिहीनच.

सांगण्यापूर्वी बायबलमधले १०४ वे स्तोत्र वाचण्याचा आमचा प्रघात आहे. त्यात ३५ ओव्या आहेत आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एक-दोन येतात. पाणी पिणारी रानगाढवे, फांद्यांवर गाणारी पाखरे, लबानोनाचे गंधसरू, करकोच्याचे घरटे, उंच डोंगरावरचे रानबकरे अशी सारी मंडळी त्यात हजेरी लावतात. तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात ती एकविसावी ओवी आली की सर्वांत लहान मुलांनी गर्जना करायची, हे कोणीही ठरवलेले नाही. पहिल्या वर्षी एका मुलीने केली, दुसऱ्या वर्षी सहाजणांनी, आणि आता ती ओवी ज्याच्या वाट्याला येते त्याचा आवाज कोणालाही ऐकू जात नाही. एका पाहुण्या गृहस्थांना हा वचनाचा अनादर वाटला. मला तसे कधीही वाटले नाही.

मग मुले एकेक करून झाडाखाली येऊन उभी राहतात. व्यासपीठ नसते, ध्वनिक्षेपक नसतो आणि टाळ्या वाजवायच्या नसतात. मूल बोलून थांबले की आम्ही फक्त ‘ऐकले’ एवढेच म्हणतो. पाच वर्षांच्या एका मुलाने सांगितले होते, “मुंग्यांची रांग होती. मी बोटाने मधेच पुसली. त्या इकडे गेल्या, तिकडे गेल्या. मग त्यांना रस्ता सापडला. मी परत नाही पुसली.” एवढे बोलून तो बसला. मुंग्यांचा रस्ता वासाचा असतो आणि बोटाने तो वास पुसला जातो, हे आमच्या आजोबांनी त्याला नंतर समजावून दिले. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात मुंगीला नायक नाही, देखरेख करणारा नाही, तरी ती आपले अन्न साठवते असे म्हटले आहे, तेही त्यांनी सांगितले. मुलाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मी पुसल्यावर त्यांना कोणी सांगितले?” निवृत्तीपर्यंत जीवशास्त्र शिकवलेले आमचे आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा काही न बोलता चष्मा पुसत बसलेले मी पाहिले.

मेळाव्यांची गोष्ट निघाली की मी सर्वांना सांगते ती आठवण मात्र चिमणीची आहे. त्या वर्षी आठवड्याच्या वचनांत मत्तयाच्या दहाव्या अध्यायातल्या चिमण्या होत्या. एका पैशाला दोन विकल्या जातात, तरी पित्याला कळल्यावाचून त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही, अशा त्या ओळी. पुढे काही आठवड्यांनी मुलांना दोरीजवळ खरोखरच एक मेलेली चिमणी दिसली. तिला हात लावू न देता आम्ही मुलांना तिच्याभोवती बसू दिले. चिमणीचे पाय किती बारीक असतात, हे मीही त्या दिवशीच नीट पाहिले. मेळाव्यात सहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “चिमणी पडली तेव्हा मी तिथे नव्हते. आई पण नव्हती. कोणीच नव्हते. देव होता, पण त्याने झेलली नाही.” आणि बराच वेळ थांबून, “मला त्याला विचारायचे आहे.” पाळकसाहेब पुढच्याच रांगेत होते. त्यांनी त्या विषयावर एक अक्षरही काढले नाही, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पाऊण तासाविषयी कुरकुर करणे मी पुष्कळ कमी केले आहे.

आता तक्रारींकडे वळते. एका वर्षी सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि नोंदलेल्या २३ कुटुंबांपैकी ९ आली. मुलांना पावसात भिजू द्यावे, चिखलात बसू द्यावे म्हणून वर्षभर नातेवाइकांशी वाद घालणारे आमचे पालक मेळाव्याच्या दिवशी मात्र नवे कपडे खराब होतील म्हणून घरी थांबतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. काही वडील मंडळी कार्यक्रम संपत आला की उगवतात आणि आपल्याच मुलाचे सांगणे कसे झाले ते इतरांना विचारतात. मूल आठ वर्षांचे होऊन बाहेर पडले की पुढच्या वर्षीपासून ते कुटुंब फिरकत नाही, याचेही मला वाईट वाटते. त्या मुलांच्या पहिल्या वर्षीच्या निसर्गवह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. पण सर्वांत जास्त राग येतो तो मागून कुजबुजणाऱ्यांचा. “फुलपाखराचे सांग ना, काल म्हटले होतेस तसे!” असे मागून ऐकू आले की मूल फुलपाखराचेच सांगते, आणि ते आदल्या रात्री पाठ करून घेतलेले आहे हे पहिल्याच वाक्यात कळते.

या कुजबुजीचा सर्वाधिक त्रास झाला तो शंखवाल्या मुलाला. हा मुलगा तीन मेळाव्यांना आला आणि तिन्ही वेळा एक शब्दही बोलला नाही. झाडाखाली यायचा, खिशातून गोगलगायीचा रिकामा शंख काढून सतरंजीवर ठेवायचा, त्याला हवा तितका वेळ उभा राहायचा आणि शंख उचलून परत जायचा. आम्ही ‘ऐकले’ म्हणायचो. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांपैकी कोणीतरी “बोल बाळा, घाबरू नकोस” म्हटले, आणि तो शंख तिथेच टाकून पळाला.

मदत करणाऱ्यांची नावे पत्रिकेत छापायची नाहीत, असे त्यांनीच ठरवून घेतले आहे, म्हणून इथेही त्यांच्या कामांवरूनच त्यांना आठवते. कोणी राहू नये म्हणून ही यादी मी चार वेळा तपासली आहे. मोबदला न घेता आपली जागा देणारे आणि वर गवत कापून ठेवणारे काका. आदल्या दिवशी वाळक्या फांद्या उतरवून गांधीलमाशीचे पोळे कुठे नाही ना ते पाहणारे दोन वडील. प्रथमोपचाराची पेटी घेऊन दिवसभर उभ्या असणाऱ्या आणि स्वतः परिचारिका असलेल्या ताई. निसर्गवह्या हाताने शिवून देणाऱ्या आजी. वाद्याविना सूर धरून गीत उचलणाऱ्या काकू. सतरंज्या आणि ताडपत्री वाहून आणणारे आणि न सांगता परत नेणारे दादा. दर अर्ध्या तासाने मुलांची डोकी मोजणाऱ्या मावशी. सर्वांच्या शेवटी थांबून कागदाचा कपटाही न राहू देणारे जोडपे. आणि एकेकाळी याच झाडाखाली उभ्या राहिलेल्या, आता मोठ्या झालेल्या दोन मुली, ज्या दरवर्षी दोरी बांधायला न चुकता येतात. कुटुंबे परत येत नाहीत असे वर लिहिले, त्याला या दोघी अपवाद आहेत हे नोंदवलेच पाहिजे. जमाखर्च पाहणारे काका राहिलेच होते, तेही इथे लिहिते.

गेल्या वर्षी आभार मानताना एक नाव खरोखर राहिले. तान्ह्या बाळांना घेऊन झाडीमागच्या सावलीत बसणाऱ्या वहिनी पहिल्या मेळाव्यापासून तिथेच बसतात, म्हणजे बाळांच्या रडण्याने सांगण्यात अडथळा येत नाही. याचा अर्थ त्यांनी एकाही मुलाचे सांगणे आजवर ऐकलेले नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. मी क्षमा मागायला गेले, तेव्हा त्यांच्या शेजारी सतरंजीवर गोगलगायीचा शंख ठेवलेला होता. पळालेला मुलगा नंतर शंख घेऊन त्यांच्याकडे आला, बसला आणि बराच वेळ बोलत होता, असे त्यांनी सांगितले. काय बोलला ते मी विचारले. त्या हसल्या आणि मांडीवरच्या बाळाला थोपटत म्हणाल्या, “ताई, त्याने ते मला सांगितले आहे.” त्यानंतर मी आणखी दोनदा विचारून पाहिले.