पिशवी काढलेल्या सासूबाई आणि ती धावपळ

सासूबाईंची गर्भपिशवी काढून बरीच वर्षं झाली. वय सत्तरीपुढचं, जुनाट बद्धकोष्ठ, त्यात थंडीभर खोकला. त्या दिवशी शौचाला जोर केला आणि आतून मला हाक मारली, "अगं, अंग बाहेर आलंय बहुतेक."

अंग नव्हतं ते. गुलाबी, ओलसर नळीची वेटोळी मांड्यांमध्ये आली होती. आतडंच. 108 ला फोन केला. तिकडून सांगितलं, आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका, पाणीसुद्धा पाजू नका. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज गुंडाळलं, पायाकडची बाजू उंच केली, हाताला सलाईन लावलं.

तालुक्याला भूलतज्ज्ञ नव्हते. तिथे अँटिबायोटिक देऊन लगेच मेडिकल कॉलेजला पाठवलं. कॅज्युअल्टीत सगळ्यांदेखत विचारलं, "काय होतंय आजी?" आजी म्हणाल्या, "पोटात दुखतंय." लाज! मीच मोठ्याने सांगितलं, "पिशवी काढलेली आहे, खालून आतडं बाहेर आलंय." मग मात्र स्त्रीरोगवाले आणि सर्जन दोघेही धावत आले.

सही घेताना सर्जननी सगळं समजावलं. आतडं काळं पडलं असेल तर तेवढं कापून जोडायचं, कदाचित काही महिने पोटावर शौचाची पिशवी. पोट उघडून आतडं वर ओढून घेतलं, कोमट सलाईनचे पॅड ठेवून वाट पाहिली. जांभळट भाग पुन्हा गुलाबी झाला, कापावं लागलं नाही. योनीच्या वरच्या टोकाला, जुन्या टाक्यांच्या जागी फाटलं होतं, ते शिवलं.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ पडते, आणि पिशवी नसली की लहान आतडं थेट त्या जागेवर टेकतं, असं मॅडमनी नंतर सांगितलं. इतकं दुर्मिळ, की कित्येक डॉक्टरांच्या उभ्या हयातीत असा पेशंट येत नाही. सासूबाईंना मात्र दिवाळीपासून खाली जड वाटत होतं. मुलासमोर कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिल्या. याचं मला अजून फार वाईट वाटतं.

आता रात्री इसबगोल, हार्मोनचं मलम, घागर उचलायला सक्त बंदी. माझ्या जावेच्या आईलाही पिशवी काढल्यापासून तसंच जड वाटतं म्हणे. मंगळवारच्या ओपीडीला तिलाही बरोबर नेणार आहे.